भट्टीतले दहा तास

सोमवारी सकाळी सहाच्या शिफ्टला रॅकखालच्या पत्र्यावर बोल्टची तीन हेडं सापडली. मोडलेली नव्हे, कुणी चाकूने कापावीत तशी मानेतून सरळ तुटलेली. सीटची पाठ मागे-पुढे करणारा रिक्लायनर चौकटीला धरून ठेवणारा एम१० (दहा मिलिमीटर जाडीचा) बोल्ट, ग्रेड १२.९, म्हणजे फार कडक पोलादाचा. हा बोल्ट गेला तर मागून धडक बसल्यावर सीटच्या पाठीला आधार उरत नाही.

आमचा कारखाना डेट्रॉईटच्या उपनगरात. सीट बनवायच्या आणि गाडीच्या कारखान्याला पोचवायच्या, एवढंच काम. बाहेरच्याला वाटतं गोदामात सीटांचा ढीग असेल. ढीग नसतोच. त्यांच्या लाइनवर गाड्या ज्या क्रमाने येणार तो क्रम आमच्या स्क्रीनवर येतो, त्याच क्रमाने सीट बनते आणि तीनेक तासांत ट्रकमधून निघून जाते. त्या शुक्रवारी त्यांची लाइन दुसऱ्याच कुणाच्या पार्टसाठी अडली, म्हणून दीडशे सीट शनिवार-रविवार आमच्याकडे पडून होत्या. एरवी ही हेडं कुणाच्या तरी गाडीत कार्पेटवर गळून पडली असती, आणि आम्हाला ती वॉरंटीच्या कागदावरूनच कळली असती.

आठला कॉन्फरन्स कॉल. फिशबोन, म्हणजे दोषाची कारणं मांडायची माशाच्या काट्यासारखी आकृती, काढायला घेतला की पहिलं हाड ठरलेलं असतं: 'मॅन', म्हणजे माणसाची चूक. गिऱ्हाइकाकडचा, म्हणजे गाडीच्या कारखान्याचा माणूस म्हणाला, आवळताना टॉर्क जास्त मारला असेल. आमच्याच मॅनेजमेंटमधल्या एकाने जोड दिली, शुक्रवारची दुपार, युनियनची माणसं, कळलं ना? मला नेमकं हेच कळत नाही. बोल्ट आवळणारी गन इलेक्ट्रिक आहे, प्रत्येक बोल्टचा टॉर्क आणि फिरलेला कोन साठवून ठेवते. ठरलेला टॉर्क ५५ न्यूटन-मीटर. तिन्ही बोल्ट मर्यादेत, कोनही मर्यादेत, आणि तिन्ही एका हाताने आवळलेले नव्हते: दोन स्टेशनं, दोन शिफ्ट. हे स्क्रीनवर दाखवूनही त्या दिवशीच्या 'तातडीच्या उपायां'च्या यादीत ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग हे पहिलं कलम राहिलंच.

टॉर्क जास्त झाला तर बोल्ट आवळतानाच ताणला जातो, मान बारीक होते आणि तो तिथल्या तिथे तुटतो. इथे तो नीट बसला, रात्रभर गप्प राहिला आणि नंतर गेला. आवळून झाल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हात न लावता तुटणारा कडक, प्लेटिंग केलेला बोल्ट दिसला की पहिला संशय हायड्रोजनवर घ्यावा. अॅसिडमध्ये धुताना आणि विजेने जस्त चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याचं काही वाटत नाही. कडकपणा ३९ एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) वर गेला की वाटतं, आणि १२.९ चा बोल्ट ३९ ते ४४ मध्ये असतो. बोल्टवर ताण आला की हायड्रोजन सरकत सरकत ताणाच्या जागी, म्हणजे हेडखालच्या गोलाईत किंवा पहिल्या आट्यापाशी जमतो आणि कणांमधले सांधे उकलत जातात.

दुपारी लॅबमधून फोटो आले. नीट ताणून तुटलेल्या पोलादाचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खळग्याखळग्यांचा, जाळीदार दिसतो. आमचा मात्र खडीसाखरेसारखा होता, स्वच्छ पैलूंचे खडे एकमेकांपासून सुटलेले. कडकपणा ४२. पोलादाचं रसायन बरोबर. जस्ताची जाडी बरोबर. थोडक्यात, ड्रॉइंगमधलं जे जे मोजता येतं ते सगळं पास, आणि बोल्ट तुटलेला.

गिऱ्हाइकाने हुकूम काढला, शंभर टक्के तपासणी करा. तपासायचं काय? खराब बोल्ट डोळ्यांना, गेजला किंवा पाना लावून कळत नाही. तो बदलायचाच. बरं, बदलायचे किती? पेटीवरच्या टॅगवर पोलादाचा हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या ओतातलं याचा नंबर होता, पण एका हीटमधले बोल्ट चार-पाच घाण्यांत प्लेट होतात आणि घाण्याचा नंबर टॅगवर नव्हता. म्हणून सहा आठवड्यांचा माल संशयित. यार्डातल्या आणि वाटेवरच्या गाड्या अडवल्या, सॉर्टिंगवाल्यांची माणसं दिवसरात्र बोल्ट बदलून पिवळा ठिपका देत बसली. दरम्यान आम्ही प्रत्येक पेटीतले वीस बोल्ट जाड पट्टीत आवळून ४८ तास ठेवले. पहिला बोल्ट नवव्या तासाला गेला. मी शेजारच्या टेबलावर होतो. 'टक्' असा आवाज, पेनचं टोपण पडावं तेवढाच. त्या पेटीतले वीसपैकी चार गेले. बाकीच्या पेट्यांतला एकही नाही.

प्लेटिंगवाला तिथून दीड तासावर. घरचा धंदा, तीसेक माणसं. कंट्रोल प्लॅन म्हणतो, प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल भट्टीत, २०० अंश सेल्सिअसला १४ तास. हायड्रोजनला बाहेर पडायचं तर जस्ताचा थरच आडवा येतो, म्हणून इतके तास लागतात. घाण्याच्या कार्डावर 'बेकिंग: ओके' असा शिक्का होता. मी भट्टीच्या तापमानाचे गोल चार्ट मागितले. पेनची रेघ दोनशेला चढलेली, चार तास सरळ, मग खाली. पुढचा चार्टही तसाच, त्याच्या पुढचाही. भट्टीतला जो कोपरा जास्त गरम राहतो तिथला माल निभावला असावा, बाकीचा नाही, असा माझा अंदाज.

मालक खोटं बोलला नाही. म्हणाला, तीन वर्षं दर वर्षी भाव खाली आणलात, गॅसचं बिल कुणी खाली आणलं नाही, तास कुठून आणू? चूक त्याचीच. प्रक्रिया बदलताना कळवायचं असतं, त्याने कळवलं नाही.

पण परतताना जुनी फाइल उघडली. मूळ ड्रॉइंगवर विजेचं प्लेटिंग नव्हतंच. झिंक फ्लेक होतं, म्हणजे रंगासारखं चढवून भाजायचं. त्यात वीज नाही, आणि आधी अॅसिडऐवजी छर्ऱ्यांनी साफ केलं तर हायड्रोजनचा प्रश्नच येत नाही. पर्चेसने बोल्टमागे दोन सेंट वाचवायला ते बदललं. ड्रॉइंगवर 'किंवा समतुल्य' हे दोन शब्द होते, तेवढे पुरले. मंजुरीच्या कागदावर तीन सह्या आहेत, त्यातली एक माझी. भट्टीचे १४ तास कागदावर आहेत हे पाहून मी ती केली.

दोन सेंटांची ही रीत आजची नाही. १९९२ मध्ये होसे इग्नासिओ लोपेझ यांनी जनरल मोटर्सच्या खरेदीचा ताबा घेतला आणि पुरवठादारांना झालेले करार बाजूला ठेवून पुन्हा भाव द्यायला लावले. ते वर्षभरात फोक्सवॅगनला निघून गेले, सवय इथेच राहिली. टोयोटाही भाव कमी मागते, नाही असं नाही, पण कुठून कमी होईल ते शोधायला स्वतःची माणसं पाठवते. आमच्याकडे टक्केवारीचं पत्र येतं. २०१४ चं जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण पाहा: आतली स्प्रिंग आणि प्लंजर बदलले, पार्ट नंबर तोच ठेवला, म्हणून कुठला स्विच जुना आणि कुठला नवा हे वर्षानुवर्षं कुणाला कळेना. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. आमच्या टॅगवर घाण्याचा नंबर नव्हता, तो याच जातीचा आजार.

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत हमखास कुणीतरी म्हणतं, युनियनने डेट्रॉईट बुडवलं. रांगेतले निम्मे माझ्यासारखेच, पुण्याहून आलेले, गाड्यांच्याच धंद्यातले. काम नसताना जवळपास पूर्ण पगार देणारी, २००९ मध्ये बंद झालेली जॉब्ज बँक मीही कुणाला पटवून देऊ शकत नाही. पण कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला, आणि १९८४ मध्ये टोयोटाबरोबर न्यूमी म्हणून तोच उघडला तेव्हा कामगार बहुतेक तेच होते, युनियनही तीच. गाड्या चांगल्या निघायला लागल्या. बदलली होती ती मॅनेजमेंट, आणि चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा.

आमचा रिपोर्ट बंद झाला. बोल्ट पुन्हा झिंक फ्लेकवर गेला, टॅगवर घाण्याचा नंबर आला. हा बदल पूर्ण मंजूर होईपर्यंत प्रत्येक घाण्यातले पाच बोल्ट ४८ तास आवळून ठेवायचे असं ठरलं आहे. त्या चाचणीचा खर्च कुणी द्यायचा यावर मेल अजून चालू आहेत. ट्रेनिंग मात्र त्याच आठवड्यात झालं. दोन्ही स्टेशनांवरच्या माणसांनी कागदावर सह्या केल्या. त्यातल्या एकीने विचारलं, मी काय चुकले ते तरी सांगा. मी गनचा रेकॉर्ड काढून तिच्या हातात दिला.