एकाच गाळाचे दोन निकाल

नदीच्या गाळातले धातू मोजायचे म्हणजे चिखल भरायचा आणि मशीनला द्यायचा, असं लोकांना वाटतं. खरं तर काम मशीनच्या आधीच बिघडतं. पितळी चाळणी वापरली की तांबं आणि जस्त चाळणीचंच मोजलं जातं. स्टीलच्या पळीतून क्रोमियम, निकेल येऊ शकतं. म्हणून पळी प्लास्टिकची, जाळी नायलॉनची. चाळायचं 63 मायक्रॉनखाली, कारण धातू धरून ठेवतात ते बारीक कण. वाळूसकट मोजलं की आकडा आपोआप उतरतो. काही सल्लागार हे माहीत असूनच चाळत नाहीत, असा माझा जुना संशय आहे.

झपाट्याने वाढलेल्या एका शहराखालच्या बंधाऱ्यातला गाळ उपसून काठावर पसरायचं ठरलं होतं. आमच्याकडून हवी होती फक्त संमती. सोबत पाण्याचा अहवाल, सगळं मर्यादेत. असणारच! प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या, कारखान्यांचं सांडपाणी, टायरच्या झिजेतलं जस्त, ब्रेकमधलं तांबं नाल्यांतून येतं, कणांना चिकटतं आणि पाणी संथ झालं की तळाशी बसतं. पाण्याचा नमुना त्या दिवसापुरतं बोलतो, गाळात वर्षानुवर्षांचं साठलेलं असतं.

नळीतून काढलेला गाळ वर बोटभर तपकिरी, त्याखाली काळा कुळकुळीत, कुजक्या अंड्याच्या वासाचा. हा काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा, म्हणजे लोह आणि गंधकाच्या संयुगाचा. प्राणवायू नसलेल्या अशा गाळात कॅडमियम, जस्त, शिसं सल्फाइड होऊन अडकून पडतात. नेहमी नमुना वाळवून, कुटून पुढे जातो. या वेळी मी एकाच खोलीवरच्या गाळाचे दोन भाग केले. एक नेहमीसारखा वाळवला, दुसरा हवा लागू नये म्हणून नायट्रोजनच्या पिशवीत ओलाच ठेवला. दोन्हींवर टप्प्याटप्प्याचं निष्कर्षण, म्हणजे एकेका द्रावणाने थोडे थोडे धातू सोडवून घेणं. पहिल्या टप्प्यात पातळ अ‍ॅसिटिक आम्ल घालून 16 तास हलवायचं. त्यात जे सुटतं ते सगळ्यात सैल धरलेलं.

एकूण धातू दोन्हींत सारखे. ब्लँक, म्हणजे गाळ न घालता केलेली कोरी चाचणी, स्वच्छ; आकडे आधीच माहीत असलेल्या प्रमाणित नमुन्याचे निकालही बरोबर. पण पहिल्या टप्प्यात वाळलेल्या भागातून जस्त आणि कॅडमियम ओल्यापेक्षा कितीतरी जास्त सुटलं. हवा लागून सल्फाइड मोडलं होतं. म्हणजे ओल्याचा निकाल तळाशी पडून असलेल्या गाळाचा, आणि वाळलेल्याचा निकाल काठावर पसरल्यावर जे होणार त्याचा.

बैठकीत एक साहेब म्हणाले, "एकच आकडा द्या हो, पीपीएममध्ये. पास की नापास." उलट बाजूच्या मंडळींना तांब्याचा आकडा पाहूनच नदी विषारी ठरवायची होती. त्यांनी तो पाठ्यपुस्तकातल्या शेल खडकाच्या (चिखल घट्ट होऊन बनलेल्या) सरासरीशी, 45 पीपीएमशी, म्हणजे दहा लाख भागांत 45 भागांशी, ताडून पाहिला होता. बेसाल्टच्या खोऱ्यात तांबं मुळातच त्याहून जास्त असू शकतं, त्यामुळे तुलना वरच्या अंगाच्या स्वच्छ गाळाशी करायला हवी, हे दोन्ही बाजूंना सारखंच नकोसं झालं. आमचे वरिष्ठ मात्र मोबाइल बघत होते.

अहवालात दोन्ही निकाल ठेवले आणि लिहिलं, उघड्यावर पसरू नका. उपसायचाच तर बंदिस्त, अस्तर घातलेल्या खड्ड्यात टाका. खर्च कोण करणार, यावर फाइल अडली. इथवर मी ठाम आहे. पण उपसूच नका असंही मला सरळ लिहिता आलेलं नाही. मोठा पूर आला की हाच काळा थर ढवळून निघणार, प्राणवायू असलेल्या पाण्यात मिसळणार आणि तेच सल्फाइड खालच्या गावांकडे जाताना मोडणार. त्यातलं किती सुटेल आणि किती पुन्हा लोहाच्या ऑक्साइडवर बसेल, हे माझ्या दोन भागांवरून कळत नाही. त्यासाठी ओला गाळ नदीच्याच पाण्यात ढवळून पाहावा लागेल. पिशवीतला उरलेला नमुना मी त्यासाठीच राखून ठेवलाय.