३० सप्टेंबरचा पट

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एका तांड्यावरील जिल्हा परिषद शाळेत मी नऊ वर्षे शिकवले. त्या शाळेच्या पटावर सप्टेंबरमध्ये ४१ मुले असत आणि दिवाळीची सुट्टी संपवून मी कुलूप उघडत असे, तेव्हा समोर तेरा-चौदाच बसलेली असत. उरलेली मुले आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, तर कोणी थेट बेळगावकडे गेलेली असत आणि ती परत येत तेव्हा गाळप संपून वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असे.

शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावरून होते. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साधारणपणे दसऱ्यानंतर निघतात, म्हणजे ही मोजणी नेमकी मुले गावात असतानाची असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात आणि आमच्या दोन पदांचा जीव त्या एका तारखेत होता, हे मी नाकारत नाही. आता मोजणीला आधार पडताळणीचीही अट आहे. त्यामुळे आडनावाची वेलांटी चुकली किंवा जन्मतारीख जुळली नाही, की समोर बाकावर बसलेले मूल हिशेबातून गळते. मूल समोर असून मोजले जात नाही आणि फडावर गेले तरी मोजलेले राहते, हा विरोधाभास मी दरवर्षी स्वतःच्या सहीने पुढे पाठवत आलो.

वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा प्रश्न गेली काही वर्षे राज्यात गाजतो आहे. २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवण्यात आले. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे शिक्षकदिनाचाच मुहूर्त साधून, अशा शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला, पुढे तो बदलला आणि अखेर रद्द झाला. समूह शाळेच्या बाजूने जे सांगितले जाते ते सगळेच टाकाऊ आहे असे मला वाटत नाही. चार इयत्तांची मिळून सात मुले एका खोलीत बसतात तेव्हा खेळायला गडी मिळत नाही आणि एकटा शिक्षक बैठकीला गेला की शाळा बंद राहते, हे मी पलीकडच्या वाडीत पाहिले आहे. परंतु त्या वाडीची मोठी शाळा ज्या गावात होऊ शकते तेथवर जाताना एक ओढा लागतो आणि पावसाळ्यात तो ओढा मोठ्या माणसालाही अडवतो. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, हा नियम असल्या ओढ्यांसाठीच आहे. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो खरा, पण तो पाचवीपासून, आणि तांड्यावर एसटी येतच नाही.

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर सारा महाराष्ट्र तापला आणि २९ जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. तो वाद महत्त्वाचा होता, मीही त्यात हिरिरीने बोललो. मात्र आमच्या तांड्यावरचे मूल घरी बंजारा बोलते, त्यामुळे मराठी हीच त्याची शाळेतील पहिली परकी भाषा असते आणि इंग्रजी दुसरी. ही मुले त्या चर्चेत कोणाच्याच मोजणीत नव्हती.

स्थलांतर रोखण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. नाव वसतिगृहाचे असले तरी आमच्याकडे तिचे स्वरूप असे, की मुलांनी आजी-आजोबांकडे राहावे आणि शाळा व्यवस्थापन समितीने त्यांना दोन वेळचे जेवण द्यावे. एका वर्षी मी दिवाळीपूर्वी घरोघर फिरून मुले ठेवण्याची विनवणी करत होतो, तेव्हा एका आजीने मला निरुत्तर केले. ती म्हणाली, "गुरुजी, जेवायचं तुम्ही बघताल, पर रातीला लेकराला ताप आला तर मी म्हातारी कुठं पळू?" शिवाय नऊ-दहा वर्षांची मुलगी फडावर आईला हवीच असते, कारण कोपीतले, म्हणजे फडावरच्या झोपडीतले, तान्हे भावंड तीच सांभाळते, आणि ती थोडी मोठी झाली की तिला गावात एकटी ठेवण्याची भीती असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला. त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षी मुलीचे लग्न लावून दिले की एक भीती संपते आणि एक नवा कोयता तयार होतो. हे गणित मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला आमच्यापेक्षा चांगले कळते.

संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ८२ शासकीय वसतिगृहे उभारण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. रात्रीचा मुक्काम, गृहपाल आणि मुलींसाठी वेगळी इमारत असलेली ही कल्पना त्या आजीच्या प्रश्नाला निदान उत्तर देते, म्हणून मला ती जेवणाच्या योजनेपेक्षा मोलाची वाटते. मात्र वसतिगृह तालुक्याच्या ठिकाणी असते आणि सहा वर्षांचे मूल तेथे कोण सोडणार? फडावर जाणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देत असू, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यावे. चौथीतल्या एका मुलीने ते कार्ड मला एप्रिलमध्ये परत दिले, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता जपलेले आणि संपूर्ण कोरे.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एका शिक्षण परिषदेत मी सुचवले होते, की पटाची दुसरी मोजणी जानेवारीत व्हावी आणि जितकी मुले कमी दिसतील तितक्यांसाठी निवासाची आणि फडाजवळच्या शिक्षकाची तरतूद त्या आकड्यावरून ठरावी. सभागृहात कोणी काही बोलले नाही. चहाच्या वेळी शेजारच्या केंद्रातील एक मुख्याध्यापिका माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा जानेवारीचा पट तेरा. तो कागदावर आला तर फडावर शिक्षक जाणार नाही, तुमचीच शाळा वीसच्या आतल्या यादीत जाईल." मी ती सूचना लेखी दिली नाही.