ताकाराझुका ते मिताका : ॲनिमेमध्ये युरोप-अमेरिका शिरली कुठून?

ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांच्या ओढीने, जपानला जाणारी बहुतेक मंडळी टोकियोत उतरतात आणि थेट अकिहाबाराच्या दुकानांत शिरतात. खरेदीसाठी ठीकच आहे. पण मोठे डोळे, सोनेरी केस, दगडी किल्ले आणि लाल कौलांची गावं जपानी पडद्यावर आली कशी, हे बघायचं असेल तर ओसाकाकडून सुरुवात करावी आणि मग टोकियोकडे सरकावं. आम्ही तोच क्रम धरला. वाटेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: पाश्चात्त्य कथा किंवा तंत्र जपानी लोकांनी उचललं खरं, पण जसंच्या तसं करणं त्यांना जवळपास कधीच परवडलं नाही. कधी पैसे नव्हते, कधी वेळ नव्हता, कधी परवानगीच मिळाली नाही. मग त्यातून जे काही निघालं, त्यालाच आज आपण ॲनिमेची शैली म्हणतो.

आधी वारांचं गणित. ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावातलं मांगाकार (जपानी चित्रकथाकार) ओसामु तेझुकांचं संग्रहालय सोमवारी बंद, टोकियोकडच्या मिताकाचं घिबली या ॲनिमे स्टुडिओचं संग्रहालय मंगळवारी बंद, टोकियोतल्या सुगिनामीचं ॲनिमेशन संग्रहालय सोमवारी. त्या दिवशी सरकारी सुट्टी आली तर बंदचा वार बहुधा पुढे ढकलला जातो. गुरुवार ते रविवार धरलात तर डोकं चालवायची गरज नाही. मात्र अख्खी सहल अडते ती घिबलीच्या तिकिटावर. दारात तिकीट मिळत नाही. दर महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता, म्हणजे आपल्याकडे सकाळी ६.३० ला, पुढच्या महिन्याची तिकिटं ऑनलाइन खुली होतात. मोठ्यांना १००० येन. रांगेचं पान उघडलं की रिफ्रेश करत बसू नका, नंबर जाऊ शकतो. शनिवार-रविवार आधी उडतात. आठवड्याच्या मधल्या वारांची दुपारची वेळ त्या मानाने टिकते. बुकिंग ज्याच्या नावावर, तो गटात हजर हवा आणि त्याचा पासपोर्ट सोबत हवा. दुसऱ्याकडून विकत घेतलेलं तिकीट चालत नाही. आधी हे तिकीट हातात घ्या, मगच विमानाचं बघा.

ओसाकाच्या उमेदा स्टेशनवरून हानक्यू रेल्वेची ताकाराझुका लाइन पकडायची. साधारण ३५ मिनिटांत शेवटचं स्टेशन येतं. या गावाचा सगळा थाट त्या रेल्वेनेच उभा केला. कंपनीचे संस्थापक इचिझो कोबायाशी यांना शेवटच्या स्टेशनपर्यंत प्रवासी आणायचे होते. त्यांनी बांधलेला बंदिस्त पोहण्याचा तलाव चालला नाही, तेव्हा तो झाकून त्याचं नाट्यगृह केलं, मुलींचं गायन पथक उभं केलं आणि १९१४ मध्ये पहिला प्रयोग लावला. पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात, त्या आजतागायत. १९२७ मध्ये 'मों पारी' नावाचा पॅरिसच्या धर्तीचा रेव्ह्यू, म्हणजे नाच-गाण्यांचा भपकेबाज प्रयोग, इथे झाला आणि तेव्हापासून पिसं, पायऱ्या, राजवाडे, तलवारी ही इथली ओळख झाली.

स्टेशनपासून नाट्यगृहाकडे जाणारा रस्ता म्हणजे 'हाना नो मिची', फुलांची वाट. त्याच वाटेवर फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली पुरुषी वेशातली ऑस्कर आणि तिचा आंद्रे यांचा ब्राँझचा पुतळा आहे. मूळ मांगा (चित्रकथा) रियोको इकेदांचं, १९७२ मध्ये सुरू झालेलं; १९७४ मध्ये इथे रंगमंचावर आलं आणि १९७९ मध्ये ॲनिमे झालं. पुढे चालत राहिलात की स्टेशनपासून दहाएक मिनिटांत तेझुका संग्रहालय येतं. दारातच अग्निपक्ष्याचं शिल्प आहे. प्रवेश ७०० येन, सकाळी ९.३० ते ५, शेवटचा प्रवेश ४.३० ला.

ओसामु तेझुका याच गावात वाढले. आई या रेव्ह्यूची शौकीन, मुलाला सोबत घेऊन जायची. वडिलांकडे घरी पाते-बेबी प्रोजेक्टर होता, त्यावर अमेरिकन कार्टून आणि चॅप्लिन चालायचे. १९५३ मध्ये तेझुकांनी मुलींच्या मासिकात राजपुत्राच्या वेशात वावरणाऱ्या राजकन्येची कथा सुरू केली. तिच्यातला युरोप हा खरा युरोप नाहीच, तो ताकाराझुकाच्या रंगमंचावरचा युरोप आहे. आधी पॅरिसचा रेव्ह्यू जपानी झाला आणि त्या जपानी रेव्ह्यूचं मग चित्र झालं. 'पाश्चात्त्य प्रभाव' म्हणताना हा मधला थांबा लोक विसरतात. तो बघायचा असेल तर हाच रस्ता पायी चालावा. डोळ्यांतली ती चमकही रंगमंचाच्या दिव्यांवरून आली असं मानतात. डोळ्यांचा आकार मात्र डिस्ने आणि फ्लायशर या अमेरिकन स्टुडिओंकडून आला. 'बांबी' तर तेझुकांनी ऐंशीहून अधिक वेळा पाहिल्याचं सांगतात.

तळघरातल्या ॲनिमे कार्यशाळेत स्वतः चित्रं काढून हलवून बघता येतात. तिथे घाई करू नका, कारण सगळा हिशेब तिथेच कळतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. प्रत्येक चौकटीला नवं चित्र दिलं तर २० मिनिटांना २८,८०० चित्रं लागतात. एक चित्र तीन चौकटी ठेवलं, तर सेकंदाला ८ चित्रं आणि एकूण ९,६००. १ जानेवारी १९६३ ला तेझुकांची लहान रोबोची मालिका दर आठवड्याला टीव्हीवर सुरू झाली तेव्हा ९,६०० सुद्धा आवाक्याबाहेरची होती. म्हणून शरीर स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचं, उडण्याची चित्रं साठवून पुढच्या भागात पुन्हा वापरायची, लांब पार्श्वभूमी एकाच चित्रावर कॅमेरा सरकवून दाखवायची. डिस्नेसारखं करायचं होतं, पण खिसा परवानगी देईना. याचा परिणाम कथनावर झाला. हालचाल महाग म्हटल्यावर भार पडला कथानकावर, संकलनातल्या कापाकापीवर आणि थांबलेल्या चेहऱ्यावर. दोन पात्रं एकमेकांकडे बघत उभी आहेत, वारा फक्त केस हलवतोय, आणि आपण श्वास रोखून बसलोय. ही काटकसरीची देणगी आहे. कार्यशाळेत नवख्याची चूक ठरलेली असते: सगळीकडे सारखंच अंतर ठेवून चित्रं काढली जातात, म्हणून हात यंत्रासारखा फिरतो. सुरुवातीला आणि शेवटाला चित्रं जवळजवळ काढा, मध्ये लांब. आठ चित्रांतही वजन येतं.

शिन-ओसाकाहून टोकियोला नोझोमी या बुलेट ट्रेनने अडीच तास. ओसाकात घेतलेलं इकोका हे प्रवासाचं कार्ड टोकियोच्या लोकल आणि बसमध्येही चालतं, नवं घेऊ नका.

टोकियोत पहिला मुक्काम ओइझुमी-गाकुएन. इकेबुकुरोहून सेइबू लाइनने वीसेक मिनिटं. उत्तरेकडच्या दारातून बाहेर पडलात की वरच्या पादचारी मार्गावर पात्रांचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत. इथे अर्ध्या तासाहून जास्त काम नाही. जवळच तोएई या चित्रपट कंपनीचं संग्रहालय आहे, पण त्याचे दिवस बदलतात, वेबसाइट बघूनच जा. महत्त्व आहे ते जागेचं. तोएईने १९५६ मध्ये ॲनिमेशनची शाखा काढली ती 'पूर्वेचं डिस्ने' व्हायच्या इराद्याने, आणि १९५८ मध्ये पांढऱ्या नागिणीच्या चिनी कथेवर जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमे आणला. साचा अमेरिकन, गोष्ट चिनी. इथेच नोकरीला लागलेल्या आणि पुढे घिबली उभारणाऱ्या दोघांपैकी इसाओ ताकाहातांच्या मनात मात्र अमेरिका नव्हती. ते फ्रेंच साहित्य शिकलेले, आणि पॉल ग्रिमोच्या फ्रेंच ॲनिमेशनपटाने या वाटेला लागलेले. दुसरे हायाओ मियाझाकी, त्यांना नोकरीत टिकवलं ते १९५७ च्या सोव्हिएत 'हिमराणी'ने. तेव्हा 'पश्चिम' म्हणजे फक्त डिस्ने, हा हिशेब ओइझुमीलाच चुकतो.

दुसऱ्या दिवशी घिबली संग्रहालय, चुओ लाइनने. मिताका स्टेशनच्या दक्षिण दाराने बाहेर, तामागावा कालव्याच्या कडेकडेने १५ मिनिटं चालत. पिवळी बसही आहे. तिकिटावरच्या वेळेपासून तासाभरात आत शिरायचं, बाहेर कधी पडायचं ते आपल्यावर. आत फोटो काढायचा नाही, गच्चीवरच्या रोबोचा मात्र काढता येतो.

तो रोबो नीट बघा. पाच मीटर उंच, लांब हात, छाताडावर पत्रे. मियाझाकींच्या १९८६ च्या उडत्या किल्ल्याच्या चित्रपटातला. किल्ल्याचं नाव जोनाथन स्विफ्टकडून, रोबोची ठेवण फ्लायशरच्या १९४१ च्या सुपरमॅन लघुपटातल्या यांत्रिक राक्षसांवरून, खाणगाव वेल्सचं. मियाझाकी १९८४ मध्ये वेल्सला गेले तेव्हा तिथे खाणकामगारांचा संप चालू होता. चित्रपटातल्या खाणवाल्यांचा कणखरपणा तिथला आहे. मूळ लघुपटात यंत्र दुष्टच असतं. इथे तेच यंत्र बाग राखतं, अंगाखांद्यावर खारी खेळवतं. उसना घेतलेला सांगाडा आणि उलटवलेला स्वभाव.

खाली काळोख्या खोलीत मियाझाकींच्या चित्रपटातल्या तोतोरो या प्राण्याचा गोल फिरणारा देखावा आहे. पुतळे फिरतात, दिवा लुकलुकतो आणि पुतळे उड्या मारू लागतात. हे झोइट्रोप १८३४ मधलं इंग्रज डोक्याचं खेळणं. दिव्याचं लुकलुकणं थांबलं की सगळं धूसर चक्र दिसतं, त्या क्षणाची वाट बघा. वर 'चित्रपट जन्मतो ती जागा' नावाच्या खोल्यांत टेबलं, पुस्तकं, आणि भिंतीभर चिकटवलेली चित्रं.

१९७१ मध्ये मियाझाकी स्वीडनला गेले होते ते पिप्पी या बालकथांतल्या मुलीवर मालिका करायची परवानगी मागायला. लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांनी दिली नाही. पण त्या फेरीत पाहिलेलं व्हिस्बी आणि स्टॉकहोम अठरा वर्षांनी झाडूवरून उडणाऱ्या मुलीच्या त्यांच्या चित्रपटातल्या शहरात उतरलं. १९७३ मध्ये मियाझाकी आणि ताकाहाता स्वित्झर्लंडच्या मायेनफेल्डला गेले, 'हायडी' या मालिकेसाठी. टीव्हीच्या मालिकेसाठी परदेशात जागा बघायला जाणं तेव्हा अजबच होतं. १९७४ मध्ये ५२ भाग आले. योहाना श्पिरींच्या पुस्तकातला धार्मिक उपदेश ताकाहातांनी पातळ केला, मूळात नसलेला कुत्रा घातला, आणि रिकामी झालेली जागा चीज वितळण्याला, गवताच्या बिछान्याला, शेळ्या वर नेण्याला दिली. दर आठवड्याच्या मालिकेत घटनाच नाहीत असे भाग निघाले आणि लोकांनी ते बघितले. माझ्या मते पुढच्या घिबलीचं कथन इथेच घडलं. 'हायडी' बनवणाऱ्या कंपनीच्या पोटातून निघालेल्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये किपलिंगचा मोगली केला, जो आपण दूरदर्शनवर रविवारी सकाळी बघितला. मध्य भारतातलं जंगल, इंग्रज लेखक, जपानी हात, हिंदी आवाज!

परतताना ओगिकुबोला उतरा. स्टेशनहून पाच मिनिटं बसने सुगिनामी ॲनिमेशन संग्रहालय, तिसऱ्या मजल्यावर, फुकट, सकाळी १० ते ६. इथे माईकसमोर उभं राहून आवाज देता येतो. अमेरिकेत आधी आवाज ध्वनिमुद्रित करतात आणि त्यावर ओठ रेखाटतात. जपानमध्ये रीत उलटी, चित्र आधी, आवाज नंतर. ओठांच्या तीनच अवस्था: मिटलेले, अर्धे, उघडे. त्यामुळे अक्षर जुळवण्याच्या नादी लागू नका, फक्त सुरुवात आणि शेवट गाठा. हमखास गडबड होते ती शेवटी, वाक्य संपतं आणि तोंड चालूच राहतं. मग तिथले कलाकार भरीला घालतात तसा एखादा उसासा सोडून द्यायचा. मराठीत बोललात तरी चालतं, जपानी यायची अट नाही. गर्दी शाळांच्या सुट्टीत असते, तेव्हा दुपारी चारनंतर गेलेलं बरं.