बिनइंजिनच्या विमानातला सगळ्यात मोठा कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हा प्रश्न मला पानठेल्यावर विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, एकदा तर तेरवीच्या जेवणातही विचारला गेलाय, आणि दरवेळी उत्तर अर्धवटच राहिलंय. तरुणपणी मी पुण्यात नोकरीला होतो आणि सुटीच्या दिवशी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर जायचो. पुढे गावी येऊन शेतीला लागलो, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कोपऱ्यात ‘विमानवाले काका’ हे नाव काही सुटलं नाही. प्रश्नाचे भाग दोन. पहिला, “काका, इंजिनच नाही त ते पडत काऊन नाही?” आणि त्याचं उत्तर संपायच्या आत दुसरा, “मंग त्याच्यातला सगळ्यात मोठा पायलट कोन?”

पहिल्याचं उत्तर वावरातच आहे. ग्लायडर कायम खालीच येत असतं, घसरत घसरत पुढं जात असतं. आजचं चांगलं ग्लायडर एक किलोमीटर उंची गमावून चाळीस ते साठ किलोमीटर पुढं जातं. आता ते ज्या हवेतून घसरतंय ती हवाच जर त्याहून जास्त वेगानं वर चढत असेल, तर विमान घसरता घसरता वर जातं. गणित एवढंच. एप्रिलमध्ये काळ्या मातीचं नांगरलेलं वावर आणि शेजारी ओलिताचा भुईमूग, असं कुठंही दिसेल. भुईमुगावरची हवा निवांत असते. नांगरटीवरची तापते, हलकी होते आणि जमीन सोडते. दुपारी अकराच्या पुढं तिथं वावटळ उठते, पऱ्हाटीचा पाला, धूळ, एखादी खताची रिकामी थैली गरगरत वर जाते. मान वर करून बघाल तर तिथंच कुठंतरी घार पंख न हलवता चकरा मारताना दिसेल. या चढत्या हवेला ग्लायडरवाले थर्मल म्हणतात. पूर्वी घारीच्या जागी गिधाडं असायची. जनावरांना टोचायच्या डायक्लोफिनॅकनं त्यांचा निकाल लावला. २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं, पण आमच्याकडच्या आभाळात ती काही परत आली नाहीत.

हडपसरला ग्लायडर विंचनं वर ओढत. धावपट्टीच्या पार टोकाला विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, तिथपासून लांबलचक दोर, आणि सुटला की अर्ध्या मिनिटात आपण पाठ टेकून आभाळाकडे बघत असतो. वर गेल्यावर दोर सोडायचा. कॉकपिटमध्ये काटे असतात, तबकड्या असतात, पण शिकवणारे साहेब सगळ्यात आधी दाखवत तो काचेवर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा लाल दोरा, बोटाएवढा. दोरा सरळ मागं लोळला तर विमान हवेत सरळ चाललंय. डावी-उजवीकडं वळला तर तिरकं चाललंय, म्हणजे उंची फुकट जातेय. लाखो रुपयांच्या विमानातलं हे सगळ्यात विश्वासाचं यंत्र, किंमत काहीच नाही. आजही विश्वविजेते हाच दोरा बघून उडतात. दुसरं महत्त्वाचं यंत्र व्हेरिओमीटर. आपण किती वेगानं चढतोय की उतरतोय ते सांगतं. पोटाला ते कळत नाही. पोटाला फक्त धक्का कळतो.

आता मोठं कोण. सुरुवात ओटो लिलिएन्थालपासून करायची. या जर्मन माणसानं करकोच्यांचं उडणं वर्षानुवर्षं बघितलं, पंखांची मोजमापं काढली, १८८९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि मग स्वतः पंख बांधून टेकडीवरून उड्या मारायला लागला. १८९१ ते १८९६ मध्ये दोन हजारांच्या घरात उड्डाणं केली. अंग झुलवून तोल सांभाळायचा, दुसरं साधन नाही. ऑगस्ट १८९६ मध्ये वाऱ्याच्या झोतात सापडून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. राइट बंधूंनी त्याचंच लिखाण वाचून सुरुवात केली. इंजिनाचं विमान उडवून झाल्यावरही १९११ मध्ये ऑर्व्हिल राइट पुन्हा वाळूच्या टेकड्यांवर ग्लायडर घेऊन गेला आणि ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिला. हा विक्रम दहा वर्षं टिकला. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत निर्बंध आले, म्हणून तिथली पोरं वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनची विमानं घेऊन चढली, आणि या खेळाचं माहेर तेच झालं.

पण तेव्हाचे सगळे डोंगराला चिकटून उडत. वारा डोंगरावर आदळतो, वर चढतो, त्या पट्ट्यात इकडून तिकडे येरझारा. डोंगर सोडला की खाली. १९२९ मध्ये ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट क्रोनफेल्डनं पहिल्यांदा शंभर किलोमीटरची हद्द ओलांडली. पहिल्या व्हेरिओमीटरपैकी एक त्याच्याजवळ होता, त्यात हवा साठवायला थर्मासची बाटली वापरलेली. तो ज्यू होता. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यानं जर्मनी सोडली आणि पुढं इंग्लंडचा झाला. १९३० मध्ये वुल्फ हिर्थनं अमेरिकेत एल्मायराला निरभ्र आभाळात, खाली डोंगर नाही, वर ढग नाही, अशा जागी चकरा मारत उंची घेतली. आमची घार रोज करते तेच. हिर्थचा एक पाय मोटारसायकलच्या अपघातात गेलेला होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे चष्मा लागला की पोरगं पायलट होणार नाही म्हणून घर रडायला बसतं.

हाना राइश्चचं नाव घेतलं की माझी पंचाईत होते. बाई कसबी होती यात वाद नाही. १९३७ मध्ये ग्लायडरनं आल्प्स ओलांडला. पण नाझींच्या दरबारात तिची ऊठबस होती आणि एप्रिल १९४५ मध्ये, बर्लिन पडायला आलं असताना, ती हिटलरच्या तळघरात जाऊन आली. आणि हीच बाई १९५९ मध्ये नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतात आली, दिल्लीवरून त्यांना ग्लायडरमध्ये बसवून फिरवून आणलं. विद्या आणि शहाणपण एका माणसात एकत्र नांदतीलच असं नाही. मी तिला मोठी म्हणत नाही, विसरतही नाही.

उंचीचे आकडे सांगितले की पानठेल्यावर वट वाढते, म्हणून सांगून टाकतो. १९६१ मध्ये पॉल बिकल नावाचा अमेरिकन आत हवेचा दाब राखायची सोय नसलेल्या साध्या कॉकपिटमध्ये, नाकाला ऑक्सिजन लावून, ४६,२६७ फुटांवर गेला. एव्हरेस्ट २९ हजारांत आटोपतो. २००६ मध्ये स्टीव्ह फॉसेट आणि आयनार एनेव्होल्डसन अर्जेंटिनात अँडीजजवळ ५०,७२२ फुटांवर. २ सप्टेंबर २०१८ ला तिथंच जिम पेन आणि टिम गार्डनर ‘पर्लन २’ मध्ये ७६,१२४ फुटांवर, म्हणजे यू-टू या हेरगिरीच्या जेट विमानाच्या अधिकृत विक्रमाच्याही वर. हे थर्मलवर होत नाही. डोंगरावरून वाहणाऱ्या जोराच्या वाऱ्याच्या मागं हवेत लाटा उभ्या राहतात, ध्रुवाजवळ हिवाळ्यात त्या फार उंच पोचतात, त्या लाटांवर ही विमानं चढली. छाती लागते, कबूल. पण लाटही लागते, पैसाही लागतो, आणि खास बांधलेलं विमानही.

अंतराचं मला जास्त कौतुक. १९६४ मध्ये अल पार्करनं टेक्सासमधून निघून पहिल्यांदा हजार किलोमीटर ओलांडले. २५ एप्रिल १९७२ ला हान्स-वेर्नर ग्रोसं जर्मनीतल्या ल्युबेकहून सकाळी निघाला आणि संध्याकाळी फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, बियारित्झला उतरला. १४६०.८ किलोमीटर, इंजिन नाही. नागपूर ते मुंबई रेल्वेनं साडेआठशेच्या आत आहे. पाठीवर वारा होता खरा, पण वारा त्या दिवशी सगळ्यांच्याच पाठीवर होता. पुढं २००३ मध्ये क्लाउस ओलमननं अँडीजच्या लाटांवर एका दिवसात ३००९ किलोमीटर केले. आकडा दुप्पट आहे. मला मात्र ग्रोसंचा दिवस मोठा वाटतो, कारण लाट एकदा सापडली की डोंगररांगेला धरून जाता येतं, थर्मलवाल्याला दर काही मैलांवर नव्यानं कमवून खावं लागतं.

इथं माझ्या उत्तराला यायला हवं. बसल्या जागी चकरा मारत वर राहणं शिकायला फार दिवस लागत नाहीत. अवघड असतं ते हातातली थर्मल सोडणं. काटा वर दाखवतोय, विमान चढतंय, आणि आपण म्हणायचं, बस, निघू. पुढं मिळेल की नाही कोणाला ठाऊक. नवखा माणूस मरतुकड्या थर्मलला शेवटपर्यंत चिकटून बसतो आणि दिवस संपतो. दारव्ह्याच्या स्टँडवर हीच गंमत रोज दिसते. समोर उभ्या गावोगाव थांबणाऱ्या एसटीत चढायचं की मागून येणाऱ्या जलद गाडीची वाट बघायची? मागची गाडी किती जलद आहे त्यावर ते ठरतं, समोरची किती रिकामी आहे त्यावर नाही.

हे गणितात बसवलं ते पॉल मॅक्रेडीनं. पुढची थर्मल किती जोराची मिळेल असा तुमचा अंदाज आहे, त्यावर आताचा वेग ठरवा. पुढं जोराची मिळणार असेल तर नाक खाली करा, उंची उधळा, पळा. कमजोर मिळणार असेल तर सावकाश, पै-पै जपत. आणि समोर आलेली थर्मल त्या अंदाजापेक्षा कमजोर असेल तर तिथं थांबूच नका. यासाठी व्हेरिओमीटरच्या भोवती फिरवायची एक कडी त्यानं बसवली. आज ग्लायडरमध्ये कंप्युटर आलाय, पण त्यातल्या आकड्याचं नाव अजून मॅक्रेडीच आहे. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १९५६ मध्ये फ्रान्समध्ये सेंत-याँला तो जागतिक विजेता झाला, पहिला अमेरिकन.

तर माझं उत्तर, मॅक्रेडी. यावर लगेच वाद होतो. आमच्या पुतण्याचं म्हणणं पोलंडचा सेबास्टियन कावा. दहाहून जास्त वेळा विश्वविजेता, आणि पेशानं बाळंतपणं करणारा डॉक्टर. मुद्दा चांगला आहे. पण कावा ज्या कंप्युटरकडे बघत उडतो त्याच्या आत मॅक्रेडी बसलेला आहे. आणि मॅक्रेडीची पुढची गोष्ट ऐकली की पानठेल्यावरचे माझ्याच बाजूनं होतात. त्यानं एका नातेवाइकाच्या कर्जाला जामीन दिला, धंदा बुडाला, एक लाख डॉलर याच्या डोक्यावर. जामीन देऊन बुडालेला माणूस म्हटला की आमच्याकडे ओळख सांगावी लागत नाही. त्या वेळी माणसानं स्वतःच्या ताकदीनं विमान उडवलं तर पन्नास हजार पौंडांचं क्रेमर बक्षीस लागलेलं होतं, आणि तेव्हाच्या भावानं ते कर्जाच्या जवळपास जात होतं. १९७६ च्या उन्हाळ्यात तो बायकापोरांना घेऊन गाडीनं फिरायला निघाला होता. वाटेत आभाळात घिरट्या घालणारी गिधाडं आणि ससाणे बघून कोणाचा फेरा किती लहान, कोणाला किती वेळ लागतो, याचे हिशेब मांडत बसला. त्यातून डोक्यात आलं की पंख भलेमोठे आणि वजन अगदी कमी ठेवलं तर माणसाच्या पायात असतो तेवढा जोर पुरतो. २३ ऑगस्ट १९७७ ला ब्रायन अ‍ॅलन या सायकलपटूनं पायडल मारत त्याचं ‘गॉसमर कॉन्डॉर’ इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवलं आणि बक्षीस मिळालं. १२ जून १९७९ ला ‘गॉसमर अल्बाट्रॉस’ घेऊन अ‍ॅलन पायडल मारतच इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला पोचला, पावणेतीन तासांच्या वर लागले.

“पन काका, याचा लोकाईले उपेग काय?” असंही एक जण विचारतोच. त्याला मी कॅनडाचा बॉब पिअर्सन सांगतो. २३ जुलै १९८३, बोइंग ७६७, ४१ हजार फुटांवर डिझेल संपलेल्या ट्रॅक्टरगत दोन्ही इंजिनं बंद. इंधन किलोत मोजायचं ते पौंडात मोजलं गेलं होतं. खाली गिम्ली नावाचा जुना हवाई तळ, आणि विमान फार उंचावरून आत येतंय. कॅप्टन पिअर्सन हौशी ग्लायडरवाला. त्यानं एवढं मोठं प्रवासी विमान ग्लायडरसारखं तिरकं धरून उंची मारली आणि टेकवलं. धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचे लोक जमलेले होते. ६९ जणांतलं कोणीही दगावलं नाही. हडपसरला तो लाल दोरा सरळ ठेवायला शिकवतात. पिअर्सननं तो मुद्दाम वाकडा करायची विद्या वापरली. मात्र बोइंगला दोरा नसतो.

राहिला शेवटचा प्रश्न, हा फक्त कॉलेजातली पोरं विचारतात. आपल्याकडे जमेल का? मार्चपासून मेपर्यंत वर राहण्याची चिंता नाही, हवा धक्के देऊन वर नेईल. अडचण उतरायची. तूर-पऱ्हाटी निघाल्यावर वावरं मोकळी दिसतात, पण वरून न दिसणाऱ्या विहिरी, धुऱ्यावरच्या बाभळी, आणि कृषिपंपांच्या विजेच्या तारा जिकडेतिकडे. थर्मल सोडायचा हिशेब चुकला की ग्लायडर कुणाच्या तरी शेतात उतरतं, हे विश्वविजेत्यांचंही होतं. मग पंख काढून ते ट्रेलरवर चढवावं लागतं. म्हणजे गाडीला ट्रेलर जोडून दिवसभर खालून मागे फिरणारा, वावराच्या मालकाशी नीट बोलू शकणारा एक मित्र लागतो. पार्करचाही होता. असा मित्र असेल, तर आधी हडपसरला फोन करून प्रवेशाचं विचारा, आणि त्याच्या डिझेलचे पैसे तुम्ही भरा.