फक्त घाटातच येणारी तक्रार

बोपदेव घाट उतरून पुण्याकडे आलं की येवलेवाडी लागते, तिथे माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. इंजिनापेक्षा ब्रेकचंच काम जास्त येतं, कारण घाटात तापलेली गाडी पहिल्यांदा आमच्याच दारात थांबते. लायनरचा जळका वास आला की हातातलं काम सोडून पोरं बाहेर बघतात.

गेल्या सीताफळाच्या हंगामात भिवरीकडचा एक तरुण पिकअप घेऊन आला. तक्रार एकच, ब्रेकचं पायडल मध्येच दगडासारखं होतं. मी चक्कर मारून पाहिली तर पायडल एकदम मऊ. तरी ब्रेक ऑइल बदललं, पुढचे पॅड आणि मागचे लायनर पाहिले, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा पाइप नवा टाकला. आठवड्याने पुन्हा हजर. या वेळी व्हॅक्युम पंप खोलला. तोही चांगला. "सपाटीला कधीच होत नाही, मिस्त्री. घाट उतरताना, तेही खालच्या वळणांवर," तो म्हणाला. घाट तू उतरतोस कसा, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं, याची बोच अजून आहे.

तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, "उद्या पहाटे माल भरून निघशील तेव्हा मी तुझ्या शेजारी बसतो."

साडेचारला निघालो. मागे मार्केट यार्डला जाणारे सीताफळाचे साठ कॅरेट, म्हणजे हजार-बाराशे किलो. घाटमाथा आला, रस्ता खाली वळला आणि त्याने सहज, खिडकीची काच खाली करावी तसं, गाडी न्यूट्रल करून चावी मागे फिरवली. इंजिन बंद. कॅरेटची खडखड आणि टायरचा आवाज, एवढंच उरलं.

मी बोलेपर्यंत पहिलं वळण आलं. ब्रेक नेहमीसारखा लागला. दुसऱ्या वळणावर पायडल अर्ध्यावरच अडलं. पुढच्या उतारावर वेग वाढला, समोर वर चढणाऱ्या टेम्पोचे दिवे दिसले आणि त्याने पाय दाबला. मी त्याचा गुडघा बघत होतो. गुडघा सरळ झाला, पाठ सीटला टेकली, कंबर वर उचलली गेली, आणि पायडल जागचं हललं नाही. स्टिअरिंगही जड. दोन्ही हातांनी तो ते कसंबसं ओढत होता.

"चावी पुढे कर! चौथा टाक, क्लच हळू सोड!" मी ओरडलो आणि हँडब्रेक एकेक दात ओढायला लागलो. हँडब्रेक केबलवर चालतो, त्याला इंजिन लागत नाही. एकदम ओढला असता तर मागची चाकं घसरली असती. गाडीने हिसका दिला, इंजिनाने आवाज धरला. दोन सेकंदांत पायडल मऊ झालं. टेम्पो अगदी आरशाला घासून गेल्यासारखा गेला. पुढे डोंगराच्या बाजूला जागा होती, तिथे थांबलो. त्याचे हात थरथरत होते. माझेही.

गॅरेजवर आल्यावर मी त्याला गाडीतच बसवलं. "इंजिन बंद ठेव आणि ब्रेक दाब." एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा पायडल दगड. "आता पाय तसाच ठेवून स्टार्टर मार." पायडल आपोआप खाली गेलं. त्याचा चेहरा बदलला.

आपल्या पायाच्या जोराला बूस्टर कित्येक पटीने वाढवतो. त्याला लागणारी हवेची पोकळी इंजिनावर चालणारा व्हॅक्युम पंप तयार करतो. इंजिन बंद केलं की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरती शिल्लक उरते. पहिली दोन वळणं त्या शिल्लकीवर निघतात, म्हणूनच माणसाला वाटतं की काही होत नाही. काही जण तर चावी काढून खिशात घालतात. मग स्टिअरिंग लॉक होऊन गाडी वळायचीच बंद होऊ शकते.

मोठ्या गाड्यांचं याहून वाईट. ट्रकचा ब्रेक हवेवर आणि ती हवा भरणारा कंप्रेसर इंजिनावर. इंजिन बंद करून उतारावर दर दाबाला टाकीतली हवा कमी होत जाते. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2022 च्या रविवारी रात्री तिथे एका ट्रकने वीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. त्या रात्री मी पेपरातले फोटो नाही, प्रत्यक्ष रस्ता पाहिला होता. दबलेल्या गाड्या आणि त्यांच्याभोवती फोन कानाला लावून फिरणारी माणसं.

पण पोराचा प्रश्न रास्त होता. "मिस्त्री, ॲव्हरेज? माझ्या उस्तादाने हेच शिकवलंय." त्याच्या उस्तादाच्या काळात कार्बोरेटरची गाडी गिअरमध्ये उतरतानाही थोडं पेट्रोल ओढायचीच. आताचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे कॉम्प्युटर मोजून डिझेल सोडतो ते, तसं नाही. त्याला नुसतं सांगून पटलं नसतं. म्हणून दोन दिवसांनी रिकाम्या पिकअपला इंजिनाच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावला आणि पुन्हा घाट चढलो. उतारावर तिसरा गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला. "आकडा वाच." स्क्रीनवर इंजेक्शनचं, म्हणजे इंजिनात सोडलेल्या डिझेलचं, प्रमाण शून्य. गाडी गिअरमध्ये आहे तोवर चाकंच इंजिन फिरवतात, कॉम्प्युटर डिझेल तोडून टाकतो. वेग अगदी पडला तरच पुन्हा सोडतो. एका सपाट तुकड्यावर मी त्याला क्षणभर न्यूट्रल करायला सांगितलं. आकडा सहाच्या वर गेला.

"म्हणजे न्यूट्रललाच जास्त खातीय?"

"हो. आणि गिअरमध्ये इंजिन तुला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाही."

मग त्याने स्वतःच हिशेब मांडला. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर खातं. घाटाचा उतार पाच-सात मिनिटांचा, म्हणजे फार तर दहा रुपये. आणि हे दहा रुपयेही न्यूट्रलशी तुलना केली तरच; गिअरमध्ये उतरलं तर बंद इंजिनाने वाचवायला काही उरतच नाही. त्याने ते दोनदा मोजलं आणि गप्प बसला.

आता घाटातल्या ब्रेकची तक्रार आली की पाना हातात घेण्याआधी मी विचारतो, उतरताना इंजिन चालू असतं की बंद? पहिलं उत्तर बहुतेक वेळा 'चालूच' असतं. परवा शाळेच्या व्हॅनचे एक काका आले. तेही आधी चालूच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरं उतरल्यावर, रिकाम्या गाडीत, कधीतरी बंद करतो." त्यांची व्हॅन आत उभी आहे. स्कॅनर चार्जिंगला लावलाय. संध्याकाळी त्यांना घेऊन वर जायचं आहे.