'शो मी लव्ह' रिमेक अपडेट: ऑर्गन बेस बसला, आता व्होकल

माझ्या रिमेकमधला ऑर्गन बेस (ऑर्गनच्या आवाजातली खालच्या सुरांची ओळ) मनासारखा वाजायला लागलाय मंडळी! गायिका रॉबिन एसचं मूळ गाणं १९९० चं, तेव्हा फारसं चाललं नाही, मग स्वीडनच्या स्टोनब्रिज या प्रोड्यूसरने रिमिक्स करताना कॉर्ग एम१ या सिंथेसायझरमधला 'ऑर्गन २' हा प्रीसेट (आधीच भरलेला तयार आवाज) लावला आणि १९९३ मध्ये तेच व्हर्जन ब्रिटनच्या चार्टवर ६ नंबरपर्यंत गेलं. म्हणजे आपण सगळे ज्याला ओरिजिनल म्हणतो तेच मुळात रिमिक्स आहे, त्यामुळे रिमेक म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांचं मला खरंच पटत नाही. 'एव्हरीथिंग बट द गर्ल' या जोडीच्या 'मिसिंग'चं पण तसंच, शांत उदास गाणं होतं, डीजे टॉड टेरीने खाली हाऊसचा (क्लबमधल्या डान्स संगीताचा) बीट घातला आणि ते थेट डान्स फ्लोअरवर आलं.

तर बेस. या आवाजाची खरी जान खालच्या जाडपणात नाहीये, नोट सुरू होताना वर जो 'टक' येतो ना त्यात आहे, त्याच्यामुळेच फोनच्या फालतू स्पीकरवर पण गाणं एका सेकंदात ओळखू येतं. म्हणून त्या टकला आणि मूळ नोट्सना हातच लावला नाही, बेसमध्ये जे काय बदललं ते फक्त खालच्या सुरांत. १०० हर्ट्झच्या खाली साध्या साइन वेव्हचा वेगळा लेयर दिला, तो मोनो (दोन्ही स्पीकरवर एकसारखा), आणि त्यातली प्रत्येक नोट किंचित आखूड केली म्हणजे किकला (ढोलाच्या ठोक्याला) जागा मिळते आणि साइडचेन (किक वाजताना बेस आपोआप दबवणं) एकदम हलका ठेवला तरी चालतो, ते बेस जोरजोरात खालीवर होणारं पंपिंग या गाण्याला शोभत नाही असं माझं स्पष्ट मत. टेम्पो १२५ वर नेलाय. किक ९०९ या जुन्या ड्रम मशीनचीच, फक्त शेपूट कापलंय.

व्होकलचं काम मोठं आहे. जुन्या रेकॉर्डिंगमधून नुसत्या गायनाचा ट्रॅक (स्टेम) वेगळा काढून बघितला पण हाय-हॅटची (ड्रममधल्या झांजेची) सळसळ आवाजाला चिकटून राहतेच, ब्रेकडाऊनमध्ये सगळं थांबतं तेव्हा तर फारच जाणवते. म्हणून एक मैत्रीण नव्याने गाणार आहे. डीजे एरिक प्रिड्झच्या २००४ च्या 'कॉल ऑन मी'साठी तर मूळ गायक स्टीव्ह विनवूडने स्वतःच आपल्या जुन्या ओळी परत गायल्या होत्या, आणि किती ताजं वाटतं ते! शिवाय परत गाऊन घेतलं की जुन्या रेकॉर्डिंगच्या हक्काचा प्रश्न उरत नाही, गीत-संगीताची परवानगी मात्र रिलीज करायचं तर लागतेच.

पुढच्या अपडेटला ब्रेकडाऊन टाकतो, तिथे ऑर्गन काढून नुसता आवाज आणि पियानो ठेवायचा विचार आहे, कोणी असं करून बघितलं असेल तर रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) किती ठेवला ते सांगा.