आईने तिकडे मासा खाल्ला का? हो, खाल्ला.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. लग्नकार्यात भेटलात की विचारता, फोन केलात की इकडचं तिकडचं झाल्यावर विचारता. "आईने म्हणे लिथुआनियात मासा खाल्ला? आणि तू खाऊ दिलास?" काहींच्या आवाजात धक्का असतो. काहींना, विशेषतः माझ्या मैत्रिणींना, भरून येतं. "ग्रेट आहे तुझी आई, शेवटी बंड केलं!" मला दोन्हींचा सारखाच त्रास होतो. एकदा नीट सांगते, मग कृपा करून हा विषय सोडा.

मालवणची सारस्वत मुलगी साताऱ्याच्या देशस्थ घरात आली आणि लग्नानंतर तिने मासे सोडले, हे तुम्हाला माहीत आहे. माझी लेक लिथुआनियातल्या कौनसला मेडिकलला आहे, हेही माहीत आहे. तिची परीक्षा चालू होती, म्हणून फिरायला आम्ही दोघीच होतो, मी आणि आई. जून महिना होता. तिकडे तेव्हा रात्री दहालाही उजेड असतो.

पहिली गोष्ट, मी आईला काही खायला लावलं नाही. उलट पूर्ण प्रवासात माझी निम्मी शक्ती तिच्या ताटात काय नाही, हे बघण्यात गेली. लिथुआनियात बटाटा सगळीकडे, पण त्यावर स्पिर्गुचाय, म्हणजे डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे, न विचारता भुरभुरतात. "बे मेसोस", मांसाशिवाय, एवढं मी पहिल्याच दिवशी पाठ केलं. आई स्वतः माझ्याहून कडक. विल्निअसजवळ त्राकायला तळ्यातला किल्ला बघायला गेलो. ग्रँड ड्यूक व्हिताउतासने 14व्या शतकाच्या अखेरीस क्रिमियातून करायीम लोक आणून तिथे वसवले, त्यांचे किबिनाय प्रसिद्ध आहेत. कडेला सुबक मुरड घातलेले, आत बहुतेक मटण, पण पालक-चीजचेही मिळतात. आईने तो हातात घेऊन उजेडात धरला, वरची तकाकी बघितली आणि परत दिला. वरून अंडं फासलेलं होतं. काठीवर फिरवत भाजलेला तो काटेरी शाकोतिस केक? अंडी. शाल्तीबार्श्चाय, म्हणजे केफिर या ताकासारख्या आंबट दुधातलं बिटाचं गुलाबी थंड सूप, तिने उकडलेलं अंडं घालू न देता घेतलं आणि आवडीने संपवलं. त्यात शेपू होता. त्या देशात बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू, सुपावर शेपू. आई त्यावरच खूश. केप्ता दुओना तिला फार आवडली. राय धान्याच्या काळ्या पावाच्या पट्ट्या तळून त्यांवर कच्चा लसूण चोळतात, बिअरबरोबर खायची गोष्ट आहे ती, आई चहाबरोबर खायची, वरचा सॉस बाजूला ठेवून. आणि सुरेलिस, चॉकलेटच्या पापुद्र्यातली गोड दह्याच्या चक्क्याची कांडी, पर्समध्ये कायम असायची.

म्हणजे आई तिकडे जाऊन "सुटली" वगैरे काही नव्हती. निदाला पोचेपर्यंत ती साताऱ्यात असते तशीच होती.

निदा हे क्लाइपेदाच्या दक्षिणेला, कुर्शियन नेरियावर. समुद्र आणि खाजण यांच्या मधे वाळूची एक लांबलचक पट्टी आहे, 98 किलोमीटरची. निम्मी लिथुआनियाची, निम्मी रशियाची. 2000 सालापासून जागतिक वारसा. क्लाइपेदाहून फेरीने पलीकडे जायचं आणि मग पाइनच्या जंगलातून बसने खाली. एका बाजूला बाल्टिक, दुसऱ्या बाजूला खाजण, आणि खाजणाचं पाणी जवळपास गोडंच. आईने उतरल्या उतरल्या नाक वर केलं आणि म्हणाली, "खारा वास नाही." बंदरावर जुन्या होड्यांच्या डोलकाठ्यांवरच्या रंगीत लाकडी वातकुक्कुटांच्या ओळी लावल्यात. 1844 साली तिथल्या मासेमारी निरीक्षकाने प्रत्येक गावाला वेगळं निशाण ठरवून दिलं, कुठल्या गावची होडी कुठे मासे मारते ते लांबून कळावं म्हणून. पुढे कोळ्यांनी त्या निशाणांभोवती घरं, माणसं, झाडं कोरली. आई एकेक वाचल्यासारखी बघत होती. मी घाई केली, कारण मला भूक लागली होती.

रुकीक्ला म्हणजे मासे धुरावण्याची जागा. अल्डरच्या लाकडाचा धूर, काळी पडलेली भट्टी, पुढे काउंटर, बाहेर लाकडी बाकं. मासे वजनावर मिळतात: खाजणातला चपटा कार्शिस, महागडा उंगुरीस म्हणजे वाम, आणि स्कुम्ब्रे. मी माझ्यासाठी घेणार होते. मी बाहेर मासे खाते, कॉलेजच्या हॉस्टेलपासून, आणि आई समोर बसून दहीभात खाते. असंच चालत आलंय. तिच्यासाठी पाव आणि काकडी सांगायची, असं माझ्या डोक्यात होतं.

आई काउंटरला टेकून उभी राहिली. स्कुम्ब्रे सोनेरी झालेला, पाठीवरच्या काळ्या लाटा अजून दिसत होत्या. ती म्हणाली, "बांगड्याच्या घरातला आहे." बरोबर होतं, एकाच कुळातले आहेत ते. खरं तर स्कुम्ब्रे त्या खाजणातलाही नसतो, उत्तर अटलांटिकमधून येतो. पण ते मला मागाहून कळलं. मग तिने विचारलं,

"आज वार कोणता गं?"

"बुधवार. का?"

तिने उत्तर दिलं नाही. बोटाने एक मासा दाखवला. मोठा नाही, त्याच्या शेजारचा. विकणाऱ्या बाईने तो कागदावर ठेवून वजन केलं आणि माझ्याकडे पैशांसाठी बघितलं. मी तशीच उभी.

तुमच्यातल्या ज्यांचं माहेर कोकणात आहे, त्यांना वाराचा अर्थ सांगायला नको. सोमवार असता, गुरुवार असता, संकष्टी असती, तर तिने बोट उचललं नसतं. श्रावणालाही अवकाश होता. म्हणून "भान राहिलं नसेल", "कळलं नसेल", "जेट लॅग असेल" असलं काही मला सांगू नका. कळून सवरून, वार विचारून खाल्ला तिने.

आणि कसा खाल्ला! काटा-चमचा दिला होता, तो तिने कागदाखाली सरकवला. बोटांनी साल एका बाजूने सोडवलं, वरची फोड कण्यापासून अलगद मोकळी केली, ती संपल्यावर शेपटीकडून कणा धरला आणि डोक्यापर्यंत अख्खा वर उचलला. एक काटा मागे राहिला नाही. मी इतकी वर्षं मासे खाते, मला हे येत नाही, मी चिवडते. काटे तिने कागदाच्या कडेला ओळीने ठेवले. डोकं शेवटी घेतलं, गालातला बारीकसा तुकडा काढून आधी खाल्ला. काळ्या पावाचा घास, मग मासा. मधेच थांबून म्हणाली, "हेका सोलां व्हयी होती." आमसुलं हवी होती म्हणाली. ही भाषा ती आमच्याशी कधी बोललेली नाही. मामांशी फोनवर बोलते तेव्हाच.

बाकी काही नाट्य नाही. रडली नाही, हसली नाही. हात धुऊन आली आणि खाजणाकडे तोंड करून बसली. मग तिने एक गोष्ट सांगितली, ती मात्र मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण तुमच्यातले बरेचजण "तिने स्वतःहून सोडले होते" हे ठासून सांगता.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिचे वडील साताऱ्याला आले. लेकीसाठी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुडी आणली होती, कागदात, वरून फडक्यात, परत पिशवीत. शिजवायची नव्हती, नुसती तिच्या ट्रंकेत ठेवायची होती. घरात वास आलाच. ती पुडी परसात फेकली गेली आणि ज्या फळीवर ठेवली होती ती फळी राखेने घासली गेली. आजोबा तेव्हा ओसरीवर बसलेले होते. त्यांना आतलं सगळं ऐकू येत होतं. चहा घेऊन ते दुपारच्या एस्टीने गेले, राहणार होते ते. त्यानंतर आई माहेरीही मासे खाईनाशी झाली. "मला कुणी सोड म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या होत्या, माहेरी खात जा. मीच सोडले."

आता सांगा, स्वतःहून की नाही? मला ठरवता येत नाही. आजीला दोष देणं सोपं आहे, पण त्याच आजीने आईला बी.एड. करू दिलं, मला सांभाळलं. आणि आजोबांचा अपमान झाला म्हणून आईने रागाने मासे टाकले, असं म्हणावं, तर राग तिने कुणावर काढला? आजोबांवरच निघाला की. त्यांच्या घरी ती जेवायला बसली की ताटात नुसती आमटी.

पूर्वीची मी याच विषयावर फार बोलायची. "आईला माशांचा वासही सहन होत नाही," हे मी कितीजणांना अभिमानाने सांगितलंय. आई असं कधी म्हणाली होती? मी आठवून बघितलं. नव्हती म्हणाली. ते आजी म्हणायची, आईच्या वतीने. पण मग पूर्वीची मी मला विचारते: तिला सहन होत होतं, तर तू समोर सुरमई खात असताना तिने कधी एक घास का नाही मागितला? याचं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित साताऱ्यापासून लांब जावं लागत होतं. कदाचित माझ्यापासूनही, पण मी तर शेजारीच होते.

"अंडं चालत नाही आणि मासा चालतो, हे कुठलं शास्त्र?" हा काकूचा प्रश्न. काकू, अंडं आईच्या सासरी नव्हतं तसं तिच्या माहेरीही नव्हतं. मालवणच्या त्या स्वयंपाकघरात मासा रोज, पण कोंबडी-अंडं उंबऱ्याच्या आत नाही. तिने त्या दिवशी मांसाहार "सुरू" केला नाही. एक मासा खाल्ला.

आणि मी ही बातमी पसरवली, हा आरोपही खोटा आहे. त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तिनेच सांगितलं, तुम्ही सगळे होतात. मी तर फोन तिच्या हातातून घ्यायला बघत होते. "लपवायचं कशाला?" म्हणाली. एका चुलतभावाने नंतर मला लिहिलं की आईला परदेशात नेऊन बाटवलीस. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे उत्तर समज.

बंड म्हणणाऱ्यांना एवढंच: परत आल्यावर आम्ही मालवणला गेलो. मामीने बांगड्याचं तिखलं केलं होतं, मुद्दाम, बातमी तिलाही पोचली होती. वार शुक्रवार. आई ताटावर बसली आणि म्हणाली, "मला नको, मी सोडलंय." मामीचं तोंड उतरलं. मला आईचा रागच आला. तिकडे परक्या बाईच्या हातचा चालला आणि भावजयीने वाटण वाटून केलेला नाही चालला? रात्री मी तिला हे विचारलं. ती म्हणाली, "तिथे कोण होतं?" आणि कूस वळली. मी होते, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

तिला काय म्हणायचं होतं यावर तुम्ही मला सिद्धांत ऐकवू नका, मीच पुरेसे रचलेत आणि एकही टिकला नाही.

लेकीने तिला हिवाळ्यातल्या स्टिंतांबद्दल सांगितलंय. बोटभर चंदेरी मासे, खाजण गोठलं की बर्फाला भोक पाडून धरतात, ताजे असताना त्यांना काकडीचा वास येतो. आईने परवा तिला फोनवर विचारलं, ते तळतात की कालवणात घालतात. पिठात घोळवून तळतात, असं कळलं. पुढे ती काही बोलली नाही, विषय व्हिसावर गेला. फेब्रुवारीत जायचं तर कागद दिवाळीनंतर लगेच करायला हवेत, सध्या मी त्याच्या मागे आहे.